समुपदेशक ताईंना, एका आईकडून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तुम्ही एक्स्टसी या नशेच्या गोळीबद्दल पालकांशी बोललात, त्याचे आभार मानायला हे पत्र. जाहीर लिहिते आहे, कारण त्या संध्याकाळी जे आले नाहीत त्या आईबाबांपर्यंतही हे पोहोचायला हवं.

आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर नशा म्हणजे गर्दुल्ला. ब्राऊन शुगरनं पुण्या-मुंबईतली घरं पोखरली, १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्या काळातलं ते चित्र: खोल गेलेले डोळे, मळका शर्ट, घरातली भांडी विकणारा मुलगा. क्लासला वेळेवर जाणारी, शनिवारी मित्राच्या वाढदिवसाला मुळशीच्या फार्महाउसवर जाणारी आपली पोरं त्यात बसतच नाहीत. तुम्ही ते चित्रच आधी पुसलंत. एक्स्टसीच्या गोळीला सुई लागत नाही, चिलीम लागत नाही, तोंडाला वास येत नाही. दुसऱ्या दिवशी मूल नुसतं दमलेलं दिसतं.

एक्स्टसी म्हणजे एमडीएमए, आणि बातम्यांत येते ती 'एमडी' पावडर बहुतेकदा मेफेड्रोन हा वेगळाच अमली पदार्थ, ही फोडही तुम्हीच करून दिलीत. २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभच्या एमआयडीसीत तिचा साठा पकडला गेला तेव्हा आम्ही बातमी वाचून पान उलटलं होतं. दौंड आमच्या घरापासून किती जवळ आहे!

सगळ्यात मोलाचं होतं ते गोळी शरीरात काय करते हे सांगणं. परिणाम जाणवायला पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. 'काहीच होत नाहीये' म्हणून मूल दुसरी घेतं आणि दोन्ही एकदम चढतात. तासन्‌तास नाचताना अंगाचा ताप जिवावर बेतेल इतका वाढू शकतो. त्यावर बाटल्यामागून बाटल्या पाणी पाजणंही घातक, कारण गोळीमुळे शरीर पाणी धरून ठेवतं, रक्तातलं सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

दात खाणं, आवळलेला जबडा, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या, रात्रभर जाग, मग दोन-तीन दिवसांनी कारण नसताना रडू येणं. लक्षणं सांगून झाल्यावर तुम्ही लगेच बजावलंत की झोप उडणं, रडू येणं परीक्षेच्या ताणातही होतं, तेव्हा दप्तर उपसण्याआधी मुलाशी बोला. आणि घरात एक गोष्ट आजच ठरवा: अडचणीत असशील तर कितीही वाजता फोन कर, आधी मदत, बाकीचं नंतर.

ताई, तो फोन आला. माझ्या मुलीनं केला. तिचा मित्र घामानं भिजलेला, अंग तापलेलं, काहीतरी असंबद्ध बोलत होता आणि बाकीची मुलं 'झोपवून टाका, उतरेल' म्हणत होती. मी तिला १०८ लावायला सांगितलं, त्याला मोकळ्या हवेत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं पुसा, एकटं सोडू नका, आणि उरलेली गोळी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. काय घेतलं ते पहिल्याच मिनिटाला कळल्यामुळे उपचार लगेच सुरू झाले, असं डॉक्टर म्हणाले. मुलगा आज कॉलेजला जातो आहे.

त्याच्या आईला पोलिसांची धास्ती होती. अमली पदार्थविरोधी कायद्यातलं कलम ६४ अ तुम्ही सांगितलं होतं: थोड्या प्रमाणात सेवनासाठी बाळगणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जातं. मी तिला हे आणि १४४४६ हा मोफत मदतीचा क्रमांक दिला. मायलेक दोघं आता समुपदेशनाला जातात.

शेजारच्या दोन सोसायट्या तुम्हाला बोलवायचं म्हणताहेत. ३१ डिसेंबरच्या पार्ट्यांआधी जमेल का? नववी-दहावीच्या पालकांना आणायची जबाबदारी माझी. बाबा लोकांनाही आणते, त्या दिवशी हॉलमध्ये ते फारच थोडे होते.

तुमची कृतज्ञ,
एक आई, पुणे