वॉलिंगफर्डचं घर पक्कं केलंय, रागावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

घर थेम्सकाठच्या वॉलिंगफर्डलाच घेतलंय, अनामतही भरली. तुम्ही म्हणत होतात तसं लंडनच्या हॅरोत आपली माणसं, देऊळ, मेथीची जुडी, सगळं होतं, कबूल. पण परवडणारी घरं वरच्या मजल्यांवर, लिफ्टशिवाय. बाबांच्या गुडघ्याचं काय? इथे झोपायची खोली आणि बाथरूम तळमजल्यावर आहे. गरम पाणी नळाला येतं.

आई, ‘नदीकाठ’ म्हटल्यावर तुला सांगलीचा २०१९ चा पूर आठवणार. पण थेम्सचा पूर बहुधा हिवाळ्यातला, आणि तुम्ही येताय जूनमध्ये. शिवाय गाव पश्चिमेच्या उंच काठावर आहे, पाणी पसरतं ते पूर्वेच्या कुरणात. म्हणून तर पूल सुमारे ९०० फूट लांब आहे. त्याच्या बऱ्याच कमानी एरवी गवतातच उभ्या असतात. १८०९ च्या पुरानंतर मधल्या कमानी नव्याने बांधल्या, त्या मोठ्या असल्यानं लगेच ओळखू येतात. बाबा, तिथे आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघता तशी इथलीही सरकारी साइटवर दिसते. लिंक पाठवते, रोज बघत बसा!

शुक्रवारी आठवडी बाजार. राजा दुसऱ्या हेन्रीने गावाला दिलेली सनद ११५५ ची, तर दगडी खांबांवरचा टाउन हॉल १६७० चा. कोथिंबीर मी रीडिंगहून आणीन.

बाबा, फिरायला किनेक्रॉफ्टचं मैदान. त्याच्या कडेचा मातीचा तट राजा आल्फ्रेडच्या काळातला, हजार वर्षांहून जुना. त्यावर चढायचं नाही, खालच्या सपाट गवतावरूनच चालायचं. नदीकाठची वाट पावसानंतर निसरडी होते. चपला नकोत, बूट आणा.

जवळच्या स्टोक रोला काशीच्या महाराजांनी दिलेली विहीर आहे. १८६३-६४ मध्ये हातांनी खणली, ३६८ फूट खोल! तिथे डोंगर चुनखडीचा, पाणी मुरून जायचं आणि उन्हाळ्यात गाव तहानलेलं. वरच्या रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती बसवलाय. आई, बघून खूश होशील. तिथे नेणार म्हणजे नेणार.

आता ऐका. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. विम्याच्या अर्जात बीपी-शुगर लपवू नका. दाखल व्हावं लागलं तर व्हिजिटर व्हिसावाल्यांना बिल येतं. तूप-पेढे आणू नकोस आई, दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट चालेल. आणि तुझी जुनी गोधडी आण. थंडी जूनमध्ये फारशी नसते, मलाच पांघरायचीय.

तुमची,
चिमी