आजोबांचा पाइप जोडून देणाऱ्या सगळ्यांना थँक्यू

नागपूरच्या इतवारीतल्या लेथवाल्या काकांना आधी थँक्यू, नाव विचारायचं राहूनच गेलं. आजोबांच्या तंबाखूच्या पाइपची दांडी जिथे लाकडात घुसते ते टोक तुटून आतच अडकलं होतं. काकांनी बारीक स्क्रू हळूहळू फिरवत ते ओढून काढलं, मग डेलरिन नावाच्या टणक प्लास्टिकचा नवा तुकडा लेथवर घासून, मधून भोक पाडून बसवला, तेही मोठ्या ऑर्डरचं काम बाजूला ठेवून, आणि पैसे म्हणाल तर घेतलेच नाही ना बाप्पा! संत्रा बर्फीचा डबा पोचवतोच.

महालातले फर्निचर पॉलिशवाले भाऊ तर वेगळंच प्रकरण. हे लाकूड म्हणजे ब्रायर, भूमध्य समुद्राकडच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ, उष्णता सहन करते म्हणून पाइपला वापरतात, हे मी सांगत बसलो तर ते म्हणे लाकूड कुठलंही असो, तापणाऱ्या वस्तूवर लॅकर नको, सोलून निघेल. बाहेरची चीर त्यांनी त्याच लाकडाचा भुसा आणि फेविक्विकने भरली, वरून कार्नोबा मेण. तंबाखू भरतात त्या वाटीच्या आतला काजळीचा थर मात्र खरवडून अगदी पातळच ठेवलाय, जाड झाला की तापून फुगतो आणि वाटी तडकते.

दांडी एबोनाइटची, म्हणजे गंधक घातलेलं कडक रबर, उन्हाहवेने हिरवट पिवळी पडलेली. सक्करदऱ्याच्या हार्डवेअरवाल्या ताईंनी ४०० नंबरपासून २००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर अर्धे अर्धे कापून दिले, अख्खे घ्यायलाच लावले नाहीत. ताई, दांडी आता काळीकुळकुळीत झालीये, फोटो दाखवायला येतो.