आधी कागद मोज, कात्री नंतर

पंचवटी, नाशिक
रंगपंचमीचा दुसरा दिवस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला मोठा हौद, बघून आलो. बाबांचा सदरा अजून बादलीत भिजतोय. नाशिकला रंगपंचमी झाली की ऊन खरं तापायला लागतं, तुझ्या नागपुरात तर ते केव्हाच डोक्यावर आलं असेल. म्हणून तू पाठवलेला फोटो बघून फार बरं वाटलं. मैत्रिणीने अमेरिकेहून आणलेलं पॅटर्नचं, म्हणजे कापड बेतायच्या कागदी साच्यांचं पाकीट, बिनबाह्यांचा सैल ड्रेस, बाजूला खिसे. मशीनला तेलही घालून ठेवलंस म्हणालीस. पण फोन ठेवता ठेवता जे बोललीस ते माझ्या मनातून जाईना. "तिकडचा तयार ड्रेस मला १२ नंबरचा होतो, म्हणजे १२च कापते." थांब. अजून कात्री लावू नकोस.

पाकिटाच्या मागे छाती, कंबर आणि सीटच्या मापांचा तक्ता असतो. त्यात १२ नंबरला छाती ३४ इंच दिसेल. तुझी ३८, दिवाळीत मीच टेप लावून घेतली होती. ३८ म्हणजे १६ नंबर. तयार कपड्यांचे नंबर कंपन्यांनी हळूहळू खाली आणले, गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असं वाटावं म्हणून. कागदी पॅटर्नचे नंबर मात्र जुन्या मापांवरच राहिले. तेव्हा १६ आकडा बघून मन खट्टू करू नकोस, तो फक्त कागदावरच्या रेषेचा नंबर आहे.

तुला मोरपंखी फ्रॉक आठवतो का? तू आठ वर्षांची होतीस. आत्याने परदेशातून मुलींच्या फ्रॉकचा पॅटर्न आणला होता आणि मी, वय आठ म्हणून, सरळ ८ नंबर कापला. त्या नंबरची छाती २७ इंच होती, पाकिटावर छापलेलीही होती. तू तेव्हा २८च्या पुढे गेली होतीस. मी वाचलंच नाही. वर ते सुती कापड न भिजवता कापलं, म्हणजे पहिल्या धुण्यात ते आणखी आटलं. येवल्याच्या लग्नात, भर मे महिन्यात, तू दिवसभर तो फ्रॉक घालून नाचलीस. रात्री काढला तर दोन्ही काखांत मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाच्या, शिवणीचे लाल वळ. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणालीस, "तू शिवलाय ना." ताई, ते वाक्य मी विसरलेले नाही. तेव्हापासून या घरात माप घेतल्याशिवाय कापड कापलं गेलेलं नाही.

उन्हाळ्याचा कपडा सुखाचा होतो तो नुसत्या सुती कापडाने नाही. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळली तर घाम वाळतो, नाहीतर मलमलसुद्धा पाठीला चिकटून बसते. शिंपी विचारतात ना, "लूज किती ठेवू?", तेच ते. पाकिटातल्या कागदावर छातीपाशी वर्तुळात फुलीची खूण असते आणि शेजारी शिवून तयार झालेल्या ड्रेसचं माप छापलेलं असतं. त्यातून तुझं माप वजा कर. उरेल तेवढा लूज. ४२ लिहिलं असेल तर चार इंच, नागपूरच्या उन्हाला अगदी योग्य. दोनच इंच निघाला तर मला फोन कर.

म्हणून आणखी मोठा नंबर कापायचा का? नाही. तसं केलंस तर गळा आणि खांदे उघडे पडतील, खांद्याची पट्टी सतत घसरत राहील. तुझे खांदे माझ्यासारखे अरुंद आहेत. काखेतून, छातीच्या वरून टेप फिरवून माप घे. ते ३६ भरलं तर गळा, खांदा आणि मुंढ्याचा वरचा भाग १४च्या रेषेवर घे, मुंढ्याच्या तळाशी १६वर ये आणि सीटकडे उतरताना, तुझी सीट ४२ असेल तर, हळूहळू १८वर जा. एकाच कागदावर सगळे नंबर छापलेले असतात, त्याचा उपयोग असाच करायचा. मूळ कागद मात्र कापू नकोस, बटर पेपरवर उतरवून घे. पुढेमागे लागेल.

उंचीचंही बघ. हे पॅटर्न साधारण साडेपाच फुटी बाईसाठी बेतलेले असतात, आणि तू पाच फूट एक इंच. जास्तीची लांबी खालून कापलीस तर कंबर आणि खिसे भलतीकडेच राहतील. कागदावर लांबी कमीजास्त करण्यासाठी आडव्या दुहेरी रेषा दिल्या असतील, तिथेच घडी घाल.

अमेरिकन पॅटर्नमध्ये शिवणीचे दीड सेंटिमीटर बहुधा धरलेलेच असतात. आतल्या चिठ्ठीत एकदा वाचून घे. जर्मनीच्या बुर्डा मासिकातल्या पॅटर्नमध्ये ते नसतात, आपले आपण वाढवावे लागतात. दोन्ही बाजूंना मात्र आपल्या पद्धतीने इंचभर माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, ठेवच. गळ्याला ठेवू नकोस, तिथे जास्तीचं कापड ओढ देतं. गळा कापल्या कापल्या शिवणीच्या रेषेच्या जरा बाहेरून एक टीप मारून घे, नाहीतर उरेब, म्हणजे तिरप्या, भागात कापड ताणलं जाऊन गळा मोठा होतो.

मेन रोडवरून तुझ्यासाठी निळी मलमल आणली आहे. पाकिटावर ४५ इंच पन्ह्याला (रुंदीला) तीन यार्ड लिहिलंय, म्हणजे पावणेतीन मीटर. मी साडेतीन घेतली, कारण आपल्याकडच्या छापील कापडाचा पन्हा बऱ्याचदा दोन इंच कमी भरतो, शिवाय आटणार ते वेगळंच. रात्रभर पाण्यात ठेवली, सावलीत वाळवली, इस्त्रीही केली आहे. मशीनला ११ नंबरची सुई लाव, १६ची जाड सुई मलमलीला भोकं पाडते. खांद्याची शिवण आतून टोचू नये म्हणून आधी उलट बाजू आत ठेवून अर्ध्या सेंटिमीटरवर टीप मार, कडा छाट, कापड उलटव आणि एक सेंटिमीटरवर दुसरी टीप मार. धागे आतच बंद होतात, इंटरलॉक लागत नाही. मुंढ्याला त्याच कापडाची उरेब पट्टी लाव, पण पट्टी ओढू नकोस.

पार्सलमध्ये आजोबांची दोन धोतरंही ठेवली आहेत. पहिला ड्रेस नमुना म्हणून त्यांचाच काप. चादरीवर करून बघितलंस तर फसशील, जाड कापड अंगावर वेगळंच उभं राहतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर अगदी मलमलीसारखं पडतं. इतकी वर्षं मी ती कपाटात नुसती जपून ठेवली होती. त्यांना तुझा ड्रेस आवडला असता.

शिवून झाला की घालून दोन्ही हात वर कर, दोरीवर कपडे वाळत घाल, स्कूटीवर बस, वाकून चप्पल घाल. दिवसभर अंगावर राहू दे. संध्याकाळी काखेत बघ. लागलं तर लागलं म्हण, या वेळी लपवू नकोस. मला पाठीचा आणि मुंढ्याचा फोटो पाठव, मी खूण करून देईन. निळ्या मलमलीला कात्री त्यानंतर.

तुझी,
आई