खुलं पत्र: पुरात गाव सोडतो साहेब, पण मागं घर कोण बघणार?

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातला, कृष्णाकाठचा. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर अंगावर घेतलेला माणूस. पत्र ड्रोनबद्दल आहे पण सुरुवात पाणी तापवायच्या बंबापासून करतो, नाहीतर विषय कळायचा नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गाव सोडलं तेव्हा आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, आज्जीच्या वेळचा तांब्याचा बंब माळ्यावर चढवून ठेवला आणि त्याच्या शेजारी ज्वारीची पोती रचली. पाणी ओसरल्यावर परत आलो तर पोती जागच्या जागी, खालची भिजून फुगलेली, आणि बंब गायब. आता पाण्यानं न्यायचा असता तर आधी पोती गेली असती की नाही? शेजारच्या घरातली गॅसची टाकी गेली, कुणाची पाण्याची मोटर, कुणाच्या स्टार्टरची पेटी उघडून आतली तांब्याची तार ओढून नेलेली. पंचनाम्यात यातलं काहीच आलं नाही, कारण पंचनामा पडलेल्या भिंतीचा होतो, गेलेल्या बंबाचा होत नाही.

म्हणून २०२१ ला जुलैत परत पाणी चढायला लागलं आणि दवंडी झाली तेव्हा आबा म्हणाले, तुम्ही बायकापोरं घेऊन व्हा पुढं, मी म्हशी घेऊन हितंच थांबतो. टीव्हीवर सांगतात ना, नागरिक घरं सोडायला तयार नाहीत, प्रशासनाला सहकार्य करत नाहीत वगैरे. साहेब, हौस म्हणून कोण थांबत नाही हो. माणूस थांबतो ते म्हशीसाठी आणि कुलपासाठी. म्हशीसाठी छावणी तरी निघते, कुलपाचं काय याचं उत्तर आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

आता ड्रोन. माझा पुतण्या लग्नाचं शूटिंग करतो, त्याच्याकडं एक ड्रोन आहे, पाऊण किलोच्या आतला, नवरा-नवरीवर घिरट्या घालणारा. त्या दिवशी दुपारी थोडी उघडीप मिळाली तशी तो उंचावरच्या शाळेच्या स्लॅबवर गेला. पहिल्यांदा उडेचना. स्लॅबमधल्या सळ्यांनी कंपास गंडतो, हे त्याला तिथं कळलं, मग एका लाकडी बेंचवर ठेवून उडवला. पाच मिनिटांत आमची गल्ली स्क्रीनवर. रस्ता नाही, उसाचे नुसते शेंडे, आणि आमच्या स्लॅबवर आबा बसलेले, डोक्यावर खताचं रिकामं पोतं, शेजारी शेरडू. म्हशी पायरीपर्यंतच्या पाण्यात उभ्या. त्याच फेरीत अजून दोन घरांवर माणसं दिसली, त्यातल्या एका घराबद्दल सगळ्यांची खात्री होती की ते आदल्या दिवशीच गेलेत म्हणून. बोट कुठल्या बाजूनं घालायची, वाटेत वाकलेली लाईट कुठं आहे, उसाच्या रानातनं जायचं का ओढ्याच्या बाजूनं, सगळं पोरांनी मोबाईलवर बघून ठरवलं आणि बोट सरळ तिथं गेली, हाका मारत फिरायला लागलं नाही. २०१९ ला पलीकडं पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गच्च भरलेली बोट उलटून माणसं बुडाली ते तुम्हाला माहीत आहे. बोटीची एकेक फेरी किती मोलाची असते ते पूर बघितलेल्यालाच कळतं.

नंतर काय झालं ते पण सांगतो. संध्याकाळच्या आत अजून एक फेरी मारावी म्हणून पोरगं बॅटरी ट्रॅक्टरवर चार्ज करत होतं (लाईट कधीचीच गेलेली) तर वरून आलेल्या एका साहेबांनी विचारलं, परवानगी कुठाय? रिमोट काढून घेतला, दुसऱ्या दिवशी दुपारी परत दिला. नियमानं बघितलं तर ते साहेब चुकले नव्हते, पोराकडं ना नोंदणी ना कागद. पण दरम्यान बोटी परत हाका मारत फिरल्या. गंमत बघा, पूर येऊन महिना झाला आणि २५ ऑगस्ट २०२१ ला केंद्राचे नवीन ड्रोन नियम आले, ते बरेच सोपे. आज दोन किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी सोडून बाकी कामाला उडवायचा तर पायलटचं सर्टिफिकेट पण लागत नाही, सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करून नंबर घ्यायचा, नकाशात हिरवा झोन (जिथं वेगळी परवानगी लागत नाही) बघायचा आणि चारशे फुटांच्या आत राहायचं. म्हणजे दिल्लीनं दार उघडलंय.

पण मग अडतं कुठं, तर जिल्ह्यात. कधी सण, कधी सभा, कधी सीमेवर काही झालं की ड्रोनबंदीचा आदेश निघतो, तो निघायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात पूर आला तर काय, ही ओळच नसते. आणि पुराच्या दिवशी परवानगी मागायला जायचं कुठं? तालुक्याचा रस्ता पाण्याखाली, नेटवर्क गेलेलं.

दुसरी भानगड २०२४ च्या पावसाळ्यातली. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, तिकडं बीड-जालन्याकडं रात्री आकाशात ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात म्हणून गावंच्या गावं जागली, पोरं काठ्या घेऊन रात्रभर फिरली, विधिमंडळापर्यंत विषय गेला. त्या वेळी आमच्या पुतण्यानं ड्रोन कपाटात टाकला तो लग्नसराईलाच बाहेर काढला, म्हणला काका, उडवला तर आधी मार बसंल, चौकशी नंतर. मला यात गावाचं पण चुकलंय असं वाटत नाही. डोक्यावर रात्री लाल-हिरवा दिवा फिरतोय आणि तो पोलिसाचा का सर्वेचा का चोराचा हे सांगणारा माणूसच नाही, तर भीती वाटणारच. ड्रोन वाईट नाही, बेवारशी ड्रोन वाईट.

म्हणून मागणं सरळ आहे. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक गावाला स्वतःचा एक लहान ड्रोन असू द्या आणि तो सगळ्यांना माहीत असू द्या. ग्रामपंचायतीच्या नावावर नोंदणी, नंबर पोलीस ठाण्यात, उडवणारी दोन-तीन माणसं ठरलेली, आपदा मित्राचं, म्हणजे संकटात मदत करणाऱ्या स्वयंसेवकाचं, ट्रेनिंग झालेली पोरं आहेतच, त्यांना लाईफ जॅकेट दिलंत तसं हे पण द्या. परवानगी मे महिन्यातच आगाऊ देऊन ठेवायची आणि ती आपोआप लागू व्हायची. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाच्या इशारा पातळीला गेली किंवा सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णा ४० फुटाला गेली की त्या पट्ट्यातल्या गावांचे नोंदणी झालेले ड्रोन उडायला मोकळे, बंदी आदेश असला तरी. हे आकडे आमच्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतात, त्यासाठी वेगळा अध्यादेश समजावून सांगायला लागणार नाही. फक्त एनडीआरएफचं किंवा सैन्याचं हेलिकॉप्टर येणार असेल तर सगळे ड्रोन खाली, त्यात तडजोड नको, आणि तो निरोप गावात कुणाला द्यायचा ते पण आधीच ठरलेलं पाहिजे.

आणि ड्रोन उडायच्या आधी गावाला फोन गेला पाहिजे. ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका टोल फ्री नंबरवर बोललं की गावातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात, तिचा यासाठी वापर करा, "गावचा ड्रोन उडतोय, वस्तीच्या बाजूला दहा मिनिटं", बास. मग फोन न येता दिसला तो परका, पोलिसांना कळवा.

आता कुलपाकडं येतो. गाव रिकामं झाल्यावर सकाळी आणि दिवस मावळायच्या आत अशा दोन फेऱ्या गावावरनं मारायच्या आणि ते फुटेज छावणीत एका टीव्हीवर लावायचं. इतकंच. माणसाला आपलं दार बंद दिसलं, कौलं शाबूत दिसली, की तो रात्री पोहत घराकडं जायला निघत नाही. चोर सापडेल का, माहीत नाही, पण बोट घेऊन गल्लीत शिरणाऱ्याला वर कोणीतरी आहे हे कळलं तरी निम्मं काम होतं. आबांसारखी माणसं पहिल्या दवंडीलाच निघतील असा माझा दावा आहे, बाकी मदतकार्यावर जो खर्च होतो त्यापुढं लाखाच्या आतबाहेरचा ड्रोन म्हणजे काय.

बायकांची शंका आली मला, आमच्या घरातूनच आली. मोरी परड्यात, वर पत्रा नाही, हे पोरगं वरनं काय बघणार? रास्त आहे. एरवी ड्रोन पोलीस पाटलाच्या कपाटात, मेमरी कार्ड सरपंच आणि पोलीस पाटील दोघांच्या सहीनं, उडवल्याची वहीत नोंद, आणि समितीत बायका असल्याच पाहिजेत. नाहीतर खरं सांगू का, निम्म्या फेऱ्या भावकीतला कोण बांध कोरतोय ते बघायलाच जातील.

आणि कृपा करून नुसता ड्रोन वाटून फोटो काढू नका. मेमध्ये एकदा तरी नदीवर नेऊन उडवायला लावा. लग्नातला ड्रोन पुरात वेगळा वागतो. पाण्याच्या अगदी जवळ नेला की खालचा सेन्सर फसतो. बोटीवरनं उडवला आणि बोट पुढं गेली तर "घरी परत" दाबल्यावर ड्रोन इमानदारीत जिथनं उडाला तिथं येतो, म्हणजे नदीत. पुतण्याच्या मित्राचा असाच गेला. पावसात हे चालत नाहीत, कंपनी अर्धा तास सांगते पण वाऱ्यात बॅटरी वीस मिनिटं धरा, नकाशा आधीच उतरवून ठेवायला लागतो. हे पाणी दारात आल्यावर शिकायचं नसतं.

पैशाचं आणि माणसांचं म्हणाल तर केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं, ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाखापर्यंत अनुदान. तो फवारणीचा अवजड ड्रोन इथं कामाचा नाही पण उडवायला शिकलेली बाई ज्या गावात आहे तिला आधी विचारा. आणि स्वामित्व योजनेत गावठाणात चुन्यानं हद्दी आखून सरकारनं वरनं फोटो काढलेत, घर न घर त्यात आहे. त्याच नकाशावर कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठं बाळंतीण आहे, हे आशाताईंकडनं दरवर्षी मेमध्ये भरून घेतलं तर ड्रोनला कुठं आधी जायचं ते शोधत बसायला लागणार नाही. प्रॉपर्टी कार्ड द्यायला आमचं घर वरनं दिसतं, मग पुरात का दिसू नये?

परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा खरेदी देशी कंपन्यांचीच होणार, फक्त टेंडरमध्ये बॅटऱ्या किती आणि दुरुस्ती कुठं हे दोन मुद्दे विसरू नका, नाहीतर पहिला पंखा तुटला की ड्रोन कपाटात जातो.

आबा आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. दुसरा बंब घेतलाय, पण तो जयसिंगपूरला बहिणीकडं ठेवलाय. म्हशी मात्र इथंच आहेत, त्यामुळं यंदाही ते निघतील असं दिसत नाही. मे संपायच्या आत काय ते कळवा, जूनमध्ये आम्ही नदीवरच्या पाण्याच्या मोटारी काढायच्या गडबडीत असतो.

आपला,
कृष्णाकाठचा, तीन वेळचा पूरग्रस्त
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर