शेवगा त्या कुळातला नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर बांधावर शेवगा लावण्याचा सल्ला आला होता. शेवगा 'द्विदल, शेंगवर्गीय' असल्याने जमिनीला फुकटचं नत्र देतो, असं त्यात होतं. माझ्या पुतण्याने त्या कात्रणाचा फोटो पाठवून विचारलं, "काकू, मग यंदा उसाला युरिया कमी टाकू का?" तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यावर गप्प बसवेना.

शेवगा गुणी झाड आहे. पाल्याची भाजी आमच्याकडे आठवड्याला होते. पण नुसती लांब शेंग लागली म्हणून तो तूर-हरभऱ्याचा भाऊबंद होत नाही. घोटाळा 'द्विदल' या शब्दाने केला असावा. वनस्पतिशास्त्रात बीला दोन दलं असली की ते द्विदल, म्हणजे आंबा, वांगं, भेंडी सगळी द्विदल. बाजारात मात्र द्विदल म्हणजे डाळी-कडधान्यं. या दोन अर्थांच्या फटीतून शेवगा आत शिरला.

खात्री करायला स्वयंपाकघर पुरे. मटारची शेंग सोला. सगळे दाणे एकाच शिवणीला लटकलेले असतात, आणि शेंग उघडली की एक दाणा डाव्या फाकेला राहतो, पुढचा उजव्या, मग पुन्हा डाव्या. शेवग्याची वाळलेली शेंग तीन फाकांत उकलते आणि तिच्या बीला कागदासारखे तीन पंख असतात. फूल बघायचं तर परसातली चवळी बघा. मागे पताकेसारखी उभी एक मोठी पाकळी, बाजूला दोन पंख, खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. होडी हलकेच उघडली की आत दहा पुंकेसर, त्यातले नऊ एकमेकांना चिकटलेले आणि दहावा सुटा. शाळेत मुली हा दहावा शोधायला भिंग घेऊन भांडायच्या. मात्र या कुळात सगळ्यांचीच फुलं अशी नसतात. दसऱ्याला वाटतो तो आपटा, चिंच, बाभूळ, लाजाळू यांची फुलं वेगळी, तरी शेंगेवरून ती त्याच घरची. आणि जिला आपण पालेभाजी म्हणून निवडत बसतो ती मेथीसुद्धा.

आता नत्राचं. पुतण्याला मी सोयाबीनचं एक झाड ऐन फुलोऱ्यात मातीच्या गड्ड्यासकट काढायला लावलं आणि मुळं बादलीत धुतली. मोहरीएवढ्या, काही वाटाण्याच्या जवळ जाणाऱ्या गाठी. एक नखाने फोडली तर आत गुलाबी. हा रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच एका नातलगाचा. गाठ गुलाबी असेल तर आतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतायत. हिरवट किंवा तपकिरी असेल तर काम संपलं. शेवग्याच्या मुळाला अशा गाठी येतच नाहीत. तसं या कुळातही सगळे कमावते नाहीत. बहाव्याला गाठी नसतात, आणि आमचा कोरेगावचा वाघ्या घेवडा, भौगोलिक मानांकन मिळालेला, चवीला एक नंबर, पण नत्राच्या बाबतीत यथातथाच.

'फुकटचं नत्र' हेही अर्धंच खरं. त्यातलं बरंचसं दाण्यात जातं आणि पोत्यात भरून बाजारात. सोयाबीन मुळासकट उपटून मळणीयंत्रात घातलं तर उरलेलंही गेलं. विळ्याने कापलं तर मुळं निदान रानात राहतात. बांधावर खरोखर नत्राचंच झाड हवं असेल तर याच कुळातलं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावावं, दरवर्षी छाटून पाला सरीत टाकता येतो. हादगाही चालेल, शिवाय फुलांची भाजी होते.

आपण दुरुस्ती छापावी, आणि त्याच पानावर त्याच जागी छापावी. पुतण्याने शेवग्याची दहा रोपं आणलीच आहेत. ती लावू, शेंगा आमटीत घालू. युरियाचं मात्र माती तपासून आल्यावर बघू, असं त्याला सांगितलंय.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. कोरेगाव, जि. सातारा