आई-बाबा, माझ्या नावाचं कार्ड आलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर कार्डाचा विषय निघाला आणि बाबा एकदम गप्प झाले, मग "बरं, ठेवतो" म्हणाले. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. फोनवर आई मधेच जेवलीस का विचारते आणि महत्त्वाचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय.

तर हो, मी इथे अमेरिकेत माझ्या स्वतःच्या नावावर क्रेडिट कार्ड घेतलंय. निखिलशी बोलून, नीट माहिती काढून घेतलंय. बाबा, तुम्हाला लगेच नानाकाकांचं प्रकरण आठवलं असणार. मी पण विसरले नाहीये ते, बेल वाजली की खिडकीतून कोण आहे बघायला मलाच पाठवायचात. पण यात कोणी कोणाला जामीन नाहीये बाबा. हे सिक्युअर्ड कार्ड आहे, म्हणजे मी बँकेकडे आधी पाचशे डॉलर डिपॉझिट ठेवलेत आणि तेवढीच लिमिट मिळाली. मी त्यावर फक्त भाजी आणि फोनचं बिल घालते, ऑटोपे लावलाय, बिल आल्यावर भरायला कायद्यानेच किमान २१ दिवस मिळतात आणि पूर्ण भरलं की व्याज लागत नाही. अर्धवट भरणाऱ्यांना इथे वीस टक्क्यांच्या वर व्याज पडतं, ते मी कधीही होऊ देणार नाही, तुमची शपथ.

आणि ते पाचशे डॉलर म्हणजे निघताना बाबांनी माझ्या पर्समध्ये कोंबले होते ना, तेच. "असू दे जवळ, अडीअडचणीला" म्हणून. मी ते कपाटात साडीच्या घडीत जपून ठेवले होते, मोडायचा जीव होत नव्हता. आता मोडले नाहीयेत, ठेवलेत. काही महिने व्यवस्थित वापरलं की बँक साधं कार्ड करून डिपॉझिट परत करते, आणि कार्ड बंद केलं तरी पैसे माझेच. तेव्हा प्लीज एफडी मोडून आणखी पाठवायचा विचारसुद्धा करू नका.

आई, तू म्हणालीस निखिलच्या कार्डावर तुझं नाव आहे की, मग वेगळं कशाला. आहे ग, पण ते त्याचं खातं, मी नुसती वापरणारी. त्याने बंद केलं की माझंही बंद. तो तसं करणार नाही, किती चांगला आहे तुला माहितीये. पण पुण्यात इतकी वर्षं नोकरी करून इथे आले आणि इथल्या कागदांवर मी कुठे नाहीच, हे मला फार लागतं. घर भाड्याने घेताना, गाडीच्या कर्जाला, गाडीच्या इन्शुरन्सला पण क्रेडिटचा रेकॉर्ड, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, बघतात, आणि उद्या मला एकटीला काही करायची वेळ आली तर? येणार नाही, पण आली तर.

तिकडचा रेकॉर्ड इथे फारसा चालत नाही. अमेक्ससारखी एखादी कार्ड कंपनी नोव्हा क्रेडिट नावाच्या कंपनीमार्फत भारतातला सिबिलचा रेकॉर्ड बघते, पण मी तिकडे कधी कार्ड किंवा कर्ज घेतलंच नव्हतं, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं. बाबा, हे तुम्हाला लावून घेऊ नका हां, तुम्ही उधारीपासून लांब ठेवलंत म्हणूनच मी आजही शांत झोपते.

दुसरी अडचण म्हणजे निखिलची बायको म्हणून मिळालेल्या माझ्या एच-४ व्हिसावर मला कामाची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला ओळख नंबर, नाही, आणि बरेच अर्ज तिथेच अडतात. मग टॅक्स रिटर्न भरताना निखिलबरोबर माझंही नाव लावलं आणि डब्ल्यू-७ फॉर्म जोडून आयटीन, म्हणजे टॅक्ससाठीचा ओळख नंबर, काढला. नऊ आकडी नंबर असतो, ९ ने सुरू होणारा. पासपोर्ट पोस्टाने पाठवावा लागेल म्हणून बाबांना काळजी होती ना, तो पाठवलाच नाही. टॅक्स खात्याने अधिकार दिलेले एजंट असतात, त्यांनी समोरच बघून लगेच परत दिला. या नंबराने नोकरी करता येत नाही आणि व्हिसालाही धक्का लागत नाही, हे दोनदा विचारून घेतलंय.

एका बँकेने आधी नाही म्हटलं. इथे अर्ज नाकारला तर ३० दिवसांत कळवावं लागतं आणि कारणही सांगावं लागतं, तसं पत्र आलं, क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून. वाचून रडू आलं खरं. पण मग कळलं की २०१३ पासून एकवीस वर्षांच्या पुढच्या माणसाला नवऱ्याचं किंवा बायकोचं उत्पन्न, जे आपल्याला खर्चता येतं ते, अर्जात दाखवता येतं. घरी असणाऱ्यांसाठीच नियम बदलला. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९७४ पर्यंत, अमेरिकेतसुद्धा बँका बायकांकडे नवऱ्याची सही मागायच्या, मग कायदा करून ते थांबवलं. वाचताना मला आई तूच दिसत होतीस, शिवणाचे पैसे मोजून बाबांच्या पासबुकात भरायला देणारी. बाबांनी कधी हिशोब विचारला नाही, पण स्लिपवर नाव तुझं नसायचं. कार्डावर माझं नाव उमटलेलं बघून पहिली तुझीच आठवण आली.

आता साधारण सहा महिन्यांनी माझा क्रेडिट स्कोअर दिसायला लागेल. इथला ८५० पर्यंत असतो, आपला ९०० पर्यंत.

बाकी मी मजेत आहे. हीटर चांगला आहे, ओक ट्री रोडवर ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी आता फुगते. तिखट तू पाठवलेलंच वापरतेय, पुरवून पुरवून. ताप आल्यावर बाबा मला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचे, तसं अजूनही कधीकधी हवं असतं.

आता ऐका. बाबांनी पंखा पुसायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या मुलाला सांगा. शुगरची गोळी जेवणाआधीची आहे, आठवण झाली की घ्यायची नाही. आई, बीपी दर रविवारी मोजून मला लिहून पाठव, "ठीक आहे" चालणार नाही. कोणी बँकेतून किंवा पोलिसांतून बोलतोय म्हणाला तर ओटीपी न देता फोन ठेवायचा आणि मला करायचा, कितीही वाजले असू देत. आणि आई, सोसायटीतल्या बँकेत तुझ्या एकटीच्या नावाचं खातं काढायला सोमवारी जा, आधार, पॅन आणि दोन फोटो ने. बाबा, तुम्ही सोबत जा पण फॉर्म तिला भरू द्या.

तुमची,
आशू