आइल ऑफ मॅनला जाण्यापूर्वी आई-बाबांना पत्र

पुणे,
२२ जून

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

ऑगस्टमध्ये कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला जाणार असल्याचे मी रविवारी फोनवर तुम्हाला सांगितले. ते खरे नाही, आणि फोन ठेवल्यापासून ते माझ्या मनाला लागून राहिले आहे. मी आइल ऑफ मॅन या बेटावर जाणार आहे. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातल्या त्या बेटावर ऑगस्टच्या अखेरीस मँक्स ग्रां प्री ही मोटरसायकलची शर्यत होते आणि तिथल्या नवख्यांमध्ये माझा अर्ज स्वीकारला गेला आहे. बोलताना आपण तिघेही एकमेकांना इतके जपतो की सांगायचे तेच राहून जाते, म्हणून सगळे लिहून कळवत आहे.

आधी एक जुनी गोष्ट कबूल करते. दोन वर्षांपूर्वी माझ्या खांद्याचे हाड मोडले, ते जिन्यावरून पडून नव्हे. दक्षिणेकडच्या एका सर्किटवर सराव करताना मी वळणात ब्रेक उशिरा सोडला आणि गाडीसकट घसरले; चूक सर्वस्वी माझी होती. आई, त्या वेळी तू वाईहून येऊन पंधरा दिवस राहिलीस, रोज माझी वेणी घातलीस, आणि जिन्याचा कठडा नीट करून घ्या, असे सांगायला सोसायटीच्या चेअरमनना जाऊन भेटलीस. मी ते सगळे पाहत गप्प बसले. त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते. या वेळी तसे करणार नाही.

म्हणून वाईट ते आधी सांगते. हा मार्ग म्हणजे शर्यतीसाठी बांधलेले सर्किट नव्हे. ते लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याचे रस्ते आहेत आणि शर्यतीच्या वेळी ते वाहतुकीला बंद करतात. एक फेरी ६०.७ किलोमीटरची असते, म्हणजे पुण्यातल्या माझ्या घरापासून जवळजवळ लोणावळ्यापर्यंत, आणि तेवढ्यात दोनशेहून अधिक वळणे येतात. सर्किटवर घसरले तर बाजूला वाळूखडीचा मोकळा पट्टा असतो, त्यात माणूस लोळत जाऊन थांबतो. इथे रस्त्याला लागून दगडी गडगे आहेत, फाटकांचे खांब आहेत, झाडे आहेत आणि किर्क मायकल गावात तर दोन्ही बाजूंना लोकांची घरे आहेत. १९११ पासून या मार्गावर शर्यतींत आणि सरावात मिळून २६० हून अधिक स्पर्धकांचा मृत्यू झाला आहे. याच मार्गावर होणाऱ्या टी.टी. (टुरिस्ट ट्रॉफी) या प्रसिद्ध शर्यतीने एकट्या २०२२ मध्ये सहा जणांचा बळी घेतला. हे आकडे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावेत, अशी माझी इच्छा आहे.

आता मी तिथे नेमके काय करते आहे ते सांगते. एप्रिलमधली माझी सगळी रजा त्याच बेटावर गेली. भाड्याची मोटार घेऊन मी रोज पाच-सहा वेळा तो मार्ग फिरत असे, सकाळी, पावसात, उन्हे कलताना. पहिल्या दोन दिवसांत मला वाटले की आपल्याला बरेच समजले आहे, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आले की मोटारीतून जे समजते ते बहुतेक अपुरे असते. वाहतूक चालू असताना आपण रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागातच असतो. शर्यतीत मात्र संपूर्ण रुंदी वापरायची असते, त्यामुळे तेच वळण वेगळ्या जागी सुरू होते आणि वेगळ्या जागी संपते. शिवाय साठच्या वेगाने जाताना जो रस्ता सरळ वाटतो, तोच दोनशेच्या वेगाने वळण होतो. जो उंचवटा मोटारीत कळतही नाही, त्यावरून मोटरसायकलचे चाक जमीन सोडते. बॅलाफ नावाच्या गावातल्या लहानशा पुलावर तर दोन्ही चाके हवेत जातात, म्हणून तिथे वेग पुष्कळ कमी करून गाडी अगदी सरळ ठेवावी लागते.

नवख्याला सर्वांत मोठा धोका असतो तो एका वळणाला दुसरे समजण्याचा. ग्लेन हेलनकडे जाताना झाडीतून एकामागून एक अशी वळणे येतात की त्यांतली काही मला सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. एक चौथ्या गिअरमध्ये निभावते, आणि तिच्यासारखीच दिसणारी पुढची मात्र आत शिरल्यावर आवळत जाते. डोंगरावर व्हरांडा नावाची जागा आहे, तिथे उजवीकडची चार वळणे सलग आहेत आणि ती चार नसून एकच आहे असे समजून घ्यावी लागतात. तिसरे वळण शेवटचे वाटले की माणूस संपला. म्हणून प्रत्येक ठिकाणची एकेक खूण पक्की करावी लागते: कुठे पांढरे फाटक, कुठे भिंतीतला वेगळ्या रंगाचा दगड, कुठे चढाच्या टोकावर दिसणारे झाडाचे शेंडे. झाडांच्या खुणांवर मात्र फार विसंबता येत नाही, कारण एप्रिलमध्ये उघडी असलेली फांदी ऑगस्टमध्ये पानांनी भरते आणि खालची सावलीही बदलते.

नवख्यांना बसमध्ये बसवून एक जुने, अनुभवी स्पर्धक हा मार्ग फिरवून दाखवतात. त्यांनी मध्येच बस थांबवली आणि आमच्याकडे वळून विचारले, "आत्ता कोणते फाटक गेले, आणि यापुढे काय येणार?" आई, मला त्या क्षणी तू आठवलीस. तुला पाढा पहिल्यापासून म्हणून दाखवलेला कधीच चालत नसे. भाकरी थापता थापता तू एकदम विचारायचीस, "सतरा सत्ते किती?" आणि मी मनातल्या मनात सतरा एके सतरापासून सुरुवात केली की तुला माझ्या चेहऱ्यावरून कळायचे. पाढा कुठूनही उचलता आला तरच तो आला, असे तू म्हणत असस. इथेही अगदी तसेच आहे. पुढच्या गाडीचा धूर, पावसाची सर किंवा डोळ्यांवर आलेला मावळतीचा सूर्य यांनी एखादा तुकडा निसटला, तर सुरुवातीपासून आठवत बसायला वेळ नसतो. जिथे आहोत तिथूनच पुढचे आले पाहिजे. गेले आठ महिने मी रोज रात्री दिवा मालवून हा मार्ग मनात फिरते आणि घड्याळ लावते. मनातली फेरी प्रत्यक्ष फेरीपेक्षा फार लवकर संपली, तर मी कुठली तरी वळणे विसरले आहे असे समजते आणि ती शोधून काढते.

बाबा, तुम्ही आकुर्डीच्या कारखान्यातून सुट्टी असली की मला स्कूटरवर पुढे उभी करून कात्रजच्या जुन्या घाटात नेत होता. बोगद्याच्या अलीकडच्या वळणांवर तुम्ही माझ्या कानाशी म्हणायचा, "वळणाकडे बघू नकोस, वळण सुटते कुठे ते बघ." हे वाक्य मला पुढे सर्किटवरच्या प्रशिक्षकांनी पुन्हा शिकवले, परंतु मी ते तुमच्याच आवाजात ऐकते. हे सगळे तुमच्यामुळे झाले असे म्हणून मी तुमच्यावर ओझे टाकत नाही. तुम्ही मला वेग शिकवला नव्हता, बघायला शिकवले होते, आणि त्या मार्गावर तेच उपयोगी पडते.

मी जिंकायला जात नाही. स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेकटे सोडतात आणि प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते, त्यामुळे कोणाच्या मागे लागण्याचे मला कारण नाही. नवख्यांची पहिली फेरी नारिंगी जाकीट घालून, अनुभवी स्वारांच्या मागे, त्यांनी ठरवलेल्या वेगानेच होते. डोंगरावर धुके उतरले आणि बचावाचे हेलिकॉप्टर उडू शकत नसेल, तर शर्यत सुरूच करत नाहीत. वाटेत जागोजागी मार्शल, म्हणजे रस्त्यावर लक्ष ठेवणारी माणसे, उभी असतात, तीही स्वयंसेवक. आज या मार्गावरचा सर्वांत जलद फेरीचा विक्रम पीटर हिकमन यांच्या नावावर आहे, १६ मिनिटे ३६ सेकंदांचा. ते नवखे म्हणून टी.टी.ला आले २०१४ मध्ये आणि हा विक्रम झाला २०२३ मध्ये. इतक्या प्रतिभावान माणसाला मध्ये नऊ वर्षे लागली, हे मी भिंतीवर लिहून ठेवले आहे. माझी गाडी साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची आहे, आणि मला फक्त प्रत्येक फेरी पूर्ण करून परत यायचे आहे.

तरीही धोका उरतो. तो मी कितीही शिकले तरी उरेल, आणि तो नाही असे मी म्हटले तर ते पुन्हा जिन्यावरून पडल्यासारखेच होईल. मला हे का करायचे आहे, याचे तुमचे समाधान होईल असे उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच सांगते की कशाकडेही मी इतक्या एकाग्रतेने आजवर पाहिलेले नाही. घराचे कर्ज मार्चमध्ये फिटले. कागदपत्रे कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळ्या फायलीत आहेत, किल्ली दादाकडे दिली आहे आणि त्याला सर्व ठाऊक आहे. त्याच्यावर रागावू नका, त्याने तुम्हाला सांगण्याचा मला फार आग्रह केला होता.

सराव बहुधा संध्याकाळी असतो, आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे. म्हणजे मी गाडीवरून उतरेन तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असेल. उतरल्याबरोबर, हेल्मेट हातात असतानाच मी फोन करीन. जागू नका असे लिहिणार होते, पण तुम्ही जागाल हे मला माहीत आहे.

सोबत चौकटीच्या कागदावर मी संपूर्ण मार्ग काढून पाठवला आहे. आई, नावे वाचायला अवघड वाटतील म्हणून ती मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. रविवारी फोन करीन तेव्हा तो कागद समोर ठेव, मधल्या कोणत्याही नावावर बोट ठेव आणि मला विचार, पुढे काय? उत्तर बरोबर आहे की नाही, ते बाबा खालच्या ओळीत पाहतील.

तुमची,
मीनल